वाढवलेलं गोडाऊन

गुरुवार, ४ ऑगस्ट २०११. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि हारुन मुकादम वहीत आकडा लिहीत होता. उणे एकवीस. आकड्यापुढे वेळ, वेळेपुढे सही. दुबईतल्या रास अल खोरच्या त्या गल्लीत अजून एकही शटर वर गेलेलं नव्हतं. शेजारच्या जहूरच्या दुकानाबाहेर जुन्या गाड्यांची इंजिनं ओळीने मांडलेली होती आणि पहाटेच्या दमट हवेने त्यांच्यावर पाणी धरलं होतं. रमजानचा चौथा रोजा. हारुनने वही मिटली, दोरीला बांधलेलं पेन तिच्यात सरकवलं, फ्रीजरच्या मागे हात घातला आणि बटण बंद केलं.

फ्रीजरने एक हिसका दिला आणि तो गप्प झाला. गोडाऊनमध्ये इतकी शांतता हारुनने पाच वर्षांत ऐकली नव्हती.  मग शटर ओढून त्याने कुलूप लावलं.

त्या फ्रीजरमध्ये दोनशे बारा व्हायल होत्या. व्हायल म्हणजे करंगळीच्या पेराएवढी काचेची बाटली. प्रत्येकीत दहा मायक्रोग्रॅम ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन. हे औषध नव्हे. प्रयोगशाळेत संशोधनासाठी पेशी वाढवतात, त्यांच्या खाद्यात हे थेंबाथेंबाने घालतात. एका व्हायलची किंमत अकराशे दिरहॅम. आपले तेरा हजार रुपये, असं हारुन नोकरीला लागला तेव्हा घरी फोनवर सांगत असे आणि पलीकडे बायको हाफिजा म्हणत असे, "अल्ला! आणि आत काय असतं?"

आत काही दिसत नसे, हीच पंचाईत होती. २००६ साली, नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात, हारुन पहिलं खोकं उघडून धावत ऑफिसात गेला होता. "साहेब, माल रिकामा आलाय. चाळीसच्या चाळीस बाटल्या कोऱ्या."

ऑफिस हसलं. हसली नाही ती फक्त मृणालिनी गद्रे. ही पुण्याची बाई कंपनीत गिऱ्हाइकांना मालाची तांत्रिक माहिती द्यायचं काम करायची. तिने एक व्हायल उजेडासमोर धरली. "हारुनभाई, मिठाच्या एका दाण्याचे सहा भाग करा. त्यातला एक भाग आहे हा. सुकवून बाटलीच्या बुडाला लावलेला. दिसेल कसा?"

"लेबलवर तर ह्यूमन लिहिलंय, मॅडम. माणसाचं आहे?"

"माणसाची नक्कल. आपल्या अंगातलं हे प्रोटीन कसं बनवायचं, त्याची चिठ्ठी बॅक्टेरियाच्या पोटात घालतात. ते बिचारे चिठ्ठी वाचतात आणि रात्रंदिवस बनवत बसतात. त्यांना स्वतःला त्याचा काडीचा उपयोग नाही."

"म्हणजे आमच्यासारखेच," हारुन म्हणाला. "व्हिसाचा स्पॉन्सर कोण त्यांचा?"

तेव्हा मृणालिनीही हसली. पुढे दोन वर्षं ऑफिसात या मालाला बॅक्टेरियाचा ओव्हरटाइम असंच म्हणत.

हारुन रत्नागिरीजवळच्या साखरतरचा. तिथे खाडीवर मासे उतरवून घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे तो बर्फाचा हिशेब बघायचा. थंडीत ठेवलेला माल कसा जपायचा, एवढं एकच कौशल्य घेऊन तो दुबईला आला आणि त्या कौशल्यावर त्याला नोकरी लागली. रोज सकाळी सहा चाळीसला तापमान लिहायचं, हा नियम त्याचा त्यानेच घातलेला. आपोआप नोंद ठेवणारं यंत्र घ्यायचं कंपनीत ठरत होतं, ते कधी आलं नाही. हारुन असल्यावर यंत्र कशाला, असं दत्तप्रसाद म्हणायचे.

दत्तप्रसाद कारखानीस म्हणजे कंपनीचे मालक. तेही पुण्याचेच. तीन पिढ्या भांड्यांचं दुकान असलेल्या घरातून आलेले, आणि त्या दुकानाची भाषा तोंडात तशीच. गोडाऊनच्या उद्घाटनाला त्यांनी हारुनच्या हातात नारळ दिला होता.

"फोडू, साहेब?"

"फोडू म्हणू नये रे. वाढवू म्हणावं. शुभ बोलावं माणसाने."

नारळ वाढवतात हे हारुनला ठाऊक होतं, कोकणातलाच माणूस. त्याने नारळ उंबऱ्यावर वाढवला, पाणी जहूरच्या इंजिनापर्यंत उडालं आणि जहूर पंजाबीत काहीतरी बोलला. त्यानंतर कंपनीत वाढवणं हा शब्द रोजच येत राहिला, पण सरळ अर्थाने. व्हिसा वाढवला. डिलिव्हरीची मुदत वाढवली. दर मार्चमध्ये गोडाऊनचा करार वाढवला. करार वाढवायला एक सही पुरायची आणि साहेब सतत दौऱ्यावर असल्यामुळे ती सही करायचा अधिकार त्यांनी हारुनला लेखी दिलेला होता.

२००८च्या उन्हाळ्यात शहराबाहेर एक मोठं संशोधन केंद्र उभं राहणार, अशी पक्की बातमी आली. दत्तप्रसादांनी त्याच्या भरवशावर दोनशे चाळीस व्हायल मागवल्या. ऑक्टोबरमध्ये मंदी आली आणि केंद्राच्या क्रेन थांबल्या. डिसेंबरमध्ये क्रेनही काढून नेल्या. वाळूत खांब राहिले, त्यांतून सळ्या वर आलेल्या. मालातल्या अठ्ठावीस व्हायल इकडेतिकडे गेल्या, बाकीच्या राहिल्या. जानेवारीत मृणालिनीला काढलं. तिला दुसऱ्या एका लॅबमध्ये कमी पगारावर काम मिळालं. फेब्रुवारीत ऑफिसात हारुन आणि साहेब एवढेच उरले.

२६ फेब्रुवारी २००९ला दुपारी साहेबांचा फोन आला. मागे विमानतळावरच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"हारुन, ऐक. मी निघतोय. मार्चअखेर गोडाऊन वाढव."

"मागच्यासारखंच ना, साहेब?"

"मागच्यासारखं म्हणजे? अरे, वाढवून टाक म्हटलं ना. यल्ला, बोर्डिंग सुरू झालंय."

फोन कटला. तो नंबर पुन्हा लागला नाही.

हारुनला वाटलं, साहेब पैसे उभे करायला गेले असणार. गोडाऊन वाढवायला सांगितलंय, म्हणजे धंदा राहणार. त्या दिवसांत कुणी काही वाढवायला सांगत नव्हतं, म्हणून त्याला जरा बरंही वाटलं. तीस मार्चला त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, करारावर सही केली आणि गोडाऊन एक वर्षाने वाढवलं.

पाच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, पुण्याच्या नंबरावरून फोन आला. तोवर कंपनी दिवाळखोरीत गेली होती, तिच्या मालाची यादी झाली होती आणि यादीखाली लिहिलं होतं की हा माल, ज्याच्या सहीने करार चालू आहे, त्याच्या ताब्यात राहील. त्याचा पासपोर्ट हमी म्हणून जमा राहील.

"गाढवा," दत्तप्रसाद ओरडले, "वाढव म्हणजे बंद कर! दुकान वाढवलं म्हणतात, ऐकलं नाहीस कधी? माल फेकायचा, चावी द्यायची, घरी जायचं! मराठी कळत नाही तुला?"

"साहेब," हारुन म्हणाला, "मराठीच तर कळलं."

 "मी आता तिकडे येऊ शकत नाही, हारुन," दत्तप्रसाद हळू आवाजात म्हणाले. "आलो तर देण्यांपायी विमानतळावरच धरतील." त्या फोननंतर त्यांचा आवाज हारुनने ऐकला नाही.

या शब्दाची गोष्ट हारुनने एकदाच सांगून बघितली, ती बदरुद्दीनला. बदरुद्दीन हा दिवाळखोरीच्या कोर्टात या मालाची फाइल सांभाळणारा कारकून, हैदराबादचा, साठीतला. त्याने चष्मा काढून ऐकलं.

"मियाँ, हमारे दादा भी दुकान बढ़ाते थे. चिराग़ भी बढ़ाते थे, बुझाते नहीं थे. मैं समझा आपकी बात. अब इसको अरबी में कैसे लिखूँ? लिखूँगा कि मालिक बोला बढ़ाओ, इसने बढ़ा दिया. इसमें ग़लती किसकी निकलेगी?"

"माझी."

"ग़लती ही नहीं निकलेगी. यही तो मुसीबत है."

असा हारुन अडकला. फाइल बंद होईपर्यंत गोडाऊन आणि त्याच्या मुख्य मीटरवरची वीज तशीच ठेवायचा हुकूम होता. पोटासाठी तो सकाळी आठपासून जहूरकडे सुटे भाग मोजायचा आणि मुहैस्नाहमधल्या कामगारांच्या कॅम्पात आठ जणांच्या खोलीत वरच्या पलंगावर झोपायचा. पण आठच्या आधी, सहा चाळीसला, तो फ्रीजरसमोर असे. गावी मुलगी यम्ना सात वर्षांची होती, ती नऊची झाली. फोनवर ती आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तशी विचारायची, "अब्बा, तुमचा फ्रीज कसा आहे?"

"बरा आहे."

"मग त्याला सोडून या ना."

मार्च २०११मध्ये व्हायलवर छापलेली मुदत संपली. जुलैत बदरुद्दीनने त्याला बोलावून घेतलं.

"टेस्ट का हुकुम आया है. माल मर गया तो कचरा. मैं ज़ीरो लिखूँगा, फाइल खलास, पासपोर्ट आपके हाथ में. ज़िंदा निकला तो जायदाद."

"जिवंत निघाला तर विकत कोण घेणार? तारीख गेलेला माल, मागे कंपनी नाही."

"कोई नहीं लेगा. मगर जायदाद को फेंक भी नहीं सकते. पड़ी रहेगी."

"आणि मी?"

बदरुद्दीनने फाइलची नाडी बांधली. "आप उसके साथ."

हारुनने हे हाफिजाला सांगितलं. तिला समजावून सांगायला वेळ लागला नाही.

"मग मारून टाका की."

"असं कसं मारू? माझ्या ताब्यातला माल आहे. आणि रमजान येतोय."

"रमजान दर वर्षी येतो," हाफिजा म्हणाली. "तुम्ही येत नाही."

 आयुष्यभर त्याने एकच गोष्ट नीट केली होती, बर्फाची मासळी असो की काचेतलं प्रोटीन, थंडी सुटू दिली नव्हती. खाडीवर जून महिन्यात बर्फाची गाडी चार तास उशिरा आली की टोपलीतल्या सुरमईचं काय होतं ते त्याने पाहिलं होतं. डोळा पांढरा होतो, कल्ला काळा पडतो, दुसऱ्या दिवशी मांजरही तोंड लावत नाही. चार तासांत मासा जातो. दुबईच्या ऑगस्टात तीन दिवसांत मिठाच्या दाण्याचा सहावा भाग कसा टिकेल?

नमुने रविवारी घ्यायचे होते. म्हणून गुरुवारी त्याने बटण बंद केलं.

शुक्रवारी सहा चाळीसला तो आला. फ्रीजरचा पडदा काळा होता. त्याने वहीत लिहिलं, उणे एकवीस. रोजा असताना लिहिलेलं हे पहिलं खोटं, आणि नोकरीतलंही. शनिवारी पुन्हा उणे एकवीस. सही तशीच आली. शनिवारी दुपारी गोडाऊनमधला काटा बेचाळीसवर होता. त्याने फ्रीजरचं झाकण उचललं, आतून गरम, कोंदट वाफ आली. तळाशी बोटभर पाणी साचलं होतं. ते त्याने फडक्याने टिपलं, खोकी पुसली आणि चार वाजता बटण सुरू केलं. रविवारी सकाळपर्यंत आकडा उणे एकवीसवर परत आला. रविवारची नोंद खरी होती.

नमुने न्यायला बदरुद्दीनबरोबर मृणालिनीच आली. टेस्ट तिच्या लॅबकडे गेली होती. दोघं अडीच वर्षांनी भेटत होते. तिने वही चाळली, पहिल्या पानापासून.

"एक दिवस चुकला नाही तुमचा, हारुनभाई."

"नाही."

"बदरुद्दीनसाब, इस आदमी का लॉग है तो मुझे टेन्शन नहीं," ती म्हणाली आणि तीन व्हायल थर्मोकोलच्या डब्यात बर्फावर ठेवल्या. उरल्या दोनशे नऊ.

टेस्ट साधी होती. उंदराच्या पेशी एक दिवस उपाशी ठेवायच्या, मग काहींना हे प्रोटीन द्यायचं, काहींना नाही. प्रोटीन जिवंत असेल तर पेशी वाढतात. गुरुवारी दुपारी हारुनला राहवलं नाही. दोन बस बदलून तो सिलिकॉन ओएसिसला मृणालिनीच्या घरी पोचला, तेव्हा साडेपाच वाजले होते. दार तिच्या मुलीने, ओवीने, उघडलं.

"मम्मा, देअर्स ॲन अंकल हिअर!"

"अगं, अंकल काय, हारुनकाका म्हण. या, या. चहा टाकते," मृणालिनी म्हणाली आणि तिने जीभ चावली. "रोजा आहे ना तुमचा! सॉरी. बसा. मी तुम्हाला फोन करणारच होते. दाखवतेच."

तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर दोन फोटो होते. डावीकडे मोजक्या पेशी, आक्रसलेल्या, सुकल्या तांदळासारख्या. उजवीकडे जागाच नव्हती. लांब, टोकदार पेशी एकमेकींना चिकटून, वळणं घेत, वारं लागलेल्या शेतासारख्या पसरलेल्या.

"डावीकडे प्रोटीन दिलं नाही. उजवीकडे तुमचं," मृणालिनी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "मुदत संपून पाच महिने झालेत आणि नव्वद टक्के ताकद आहे अजून. काय जपलंय तुम्ही! जिवंत आहे, हारुनभाई."

हारुन उजवीकडच्या फोटोकडे बघत राहिला.

"तिन्ही व्हायल?"

"तिन्ही. मी तर रिपोर्टमध्ये लिहिलंय, एक्सलंट स्टोरेज. आता तरी सोडतील ना तुम्हाला?"

तिला फाइलमधली अट कुणी सांगितलेली नव्हती. हारुननेही सांगितली नाही. त्याने वेगळंच विचारलं.

"मॅडम, समजा, लाइट गेली असती. दोन-तीन दिवस. तर?"

"तर काही नाही. अहो, सुकवलेली पावडर आहे ती. साध्या हवेत दोन-तीन आठवडे आरामात टिकते. पाणी घालून पातळ केली की मग नाजूक."

"पण येताना बर्फाच्या पिशव्या असायच्या खोक्यात."

"खबरदारी म्हणून. गिऱ्हाइकाला बरं वाटतं."

"मासा चार तासांत जातो," हारुन म्हणाला.

"हा मासा नाही ना," मृणालिनी हसून म्हणाली. मग तिचं हसू जरा अडलं. "का हो? लाइट गेली होती का?"

"नाही. वहीत आहे ना सगळं."

ओवी आतून ओरडली, "मम्मा, कॅन आय हॅव माय टॅब बॅक?" हारुन उठला. इफ्तार करून जा म्हणून मृणालिनीने खूप आग्रह केला. कॅम्पात वाट बघतात, असं तो म्हणाला. कॅम्पात त्याची वाट कुणी बघत नव्हतं. बसच्या थांब्यावर अजान झाली तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या पठाणाने एक खजूर पुढे केला. तो त्याने घेतला.

त्या संध्याकाळी हाफिजाचा फोन आला. तिने एकच शब्द विचारला. "मेला?"

"नाही मेला."

"बंद केला होता ना?"

"केला होता."

"मग?"

"त्याला थंडी लागतच नव्हती, हाफिजा."

 मागे यम्ना कुठलीशी कविता पाठ करत होती, ती त्याने संपेपर्यंत ऐकली.

रविवारी, १४ ऑगस्टला, बदरुद्दीनने अरबीतला कागद त्याच्यासमोर ठेवला. खाली सहीची जागा पेन्सिलीने फुली मारून दाखवलेली होती.

"कस्टडी बढ़ा दी है. एक साल."

हारुनने पेन उचललं आणि थांबला. "बढ़ा दी मतलब?"

बदरुद्दीन आधी हसला. मग त्याने चष्मा काढला आणि हसणं थांबवलं. "इस बार वही मतलब है मियाँ, जो कागज़ पर लिखा है."

हारुन म्हणाला, "वहीत दोन दिवस खोटे आहेत. शुक्रवार, शनिवार."

"कौन से शुक्रवार?"

"गेल्याच्या आधीचे. पाच आणि सहा तारीख. फ्रीजर बंद होता. मीच केला होता."

बदरुद्दीनने दाराकडे पाहिलं. कॉरिडॉरमधून कुणीतरी फायलींची गाडी ढकलत नेत होतं, ती जाईपर्यंत त्याने चष्मा पुसला. "मैंने कुछ नहीं सुना. आप बोलोगे तो केस बनेगा, कि ताबे का माल बिगाड़ने की कोशिश की. और माल तो बिगड़ा भी नहीं. अंदर भी जाओगे और बाहर आके यही फ्रीजर सँभालोगे. सही कीजिए."

हारुनने सही केली. वहीतल्या सहीसारखीच आली.

दुपारी तो जहूरकडे कामावर गेला, चार गिअरबॉक्स मोजले. पाच वाजता जहूरने विचारलं, "की होया, भाई?" हारुन म्हणाला, "बढ़ गया." जहूरने, चांगलं झालं असं समजून, मुबारक म्हटलं.

कॅम्पात जाण्यापूर्वी हारुनने गोडाऊन उघडलं. वहीचं पान त्या सकाळी भरलं होतं. त्याने पट्टी घेऊन पुढचं पान आखलं: तारीख, वेळ, तापमान, नग, सही. पहिल्या ओळीत तारीख आणि वेळ घालून ठेवली, तापमानाचा रकाना कोरा सोडला. नगाच्या रकान्यात दोनशे नऊ लिहिले. उद्या सोमवार, १५ ऑगस्ट, पंधरावा रोजा. नोंद सकाळी सहा चाळीसला.